वधूपित्यास आग्रह करू नये

लग्नपत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' अशी ओळ असते, आणि ती वाचूनही लोक आहेर आणतात. घोडेगावच्या हौशीराम सरांनी आपल्या मुलीच्या, अक्षदाच्या पत्रिकेत या ओळीखाली आणखी एक ओळ छापून घेतली. ती अशी : 'वधूपित्यास पोटाच्या जुन्या विकारामुळे चहा-फराळाचा आग्रह करू नये, ही नम्र विनंती.'

ओळ शुद्ध होती, त्याबद्दल वाद नाही. सर तेहतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी छापखान्यात उभं राहून तपासलं होतं. पण पत्रिकांचे गठ्ठे घरी आले, मंगलताईंनी वरची पत्रिका गणपतीपासून वाचायला घेतली आणि तळाशी पोचल्यावर त्या मटकन खाली बसल्या.

"ही लग्नाची पत्रिका आहे का केसपेपर?"

"आरोग्याच्या बाबतीत पारदर्शकता असावी," सर म्हणाले.

"असावी ना. पण ती तुमच्या पोटाची आणि पाचशे प्रतींत असावी, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

सांगितलं होतं शेजारच्या गेणभाऊंनी. पण गेणभाऊंच्या आधी सरांच्या पोटाकडे यायला हवं, कारण मानानं ते थोरलं आहे.

सरांच्या घरात चार दुखणी नांदतात आणि चारही एकट्या सरांची आहेत. पोट सर्वांत जुनं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ते बिघडलं, ते आजतागायत. कधी जळजळ, कधी फुगारा, कधी चार-चार दिवस कडकडीत संप आणि मग एकाच दिवशी जादा पाळ्या. त्याच्यामागून रक्तदाब आला, मग साखर आली, आणि निवृत्तीच्या समारंभाच्या आठवड्यात थायरॉईड हारतुऱ्यासारखा गळ्यातच पडला. चार दुखण्यांचे चार गावांत चार डॉक्टर आणि पथ्याच्या चार याद्या. एक म्हणतो मोड आलेली कडधान्यं खा, दुसरा म्हणतो कडधान्यांकडे बघूसुद्धा नका. एकाला केळं चालतं, दुसरा केळ्याचं नाव काढलं की पेन खाली ठेवतो. एक म्हणतो दर दोन तासांनी थोडं थोडं खात जा, दुसरा म्हणतो पोटाला विश्रांती द्या. चारही याद्यांत बसेल असा एकच पदार्थ सरांना सापडला. तो म्हणजे उकडलेला दुधी.

गोळ्यांची तीच तऱ्हा. थायरॉईडची उठल्याबरोबर, तिच्यानंतर तासभर तोंडात काही नाही. जळजळीची जेवणाआधी अर्धा तास. साखरेची पहिल्या घासाबरोबर. दुसरा कुणी असता तर खचला असता. पण सरांनी शाळेचं वेळापत्रक बावीस वर्षं केलं होतं आणि त्या बावीस वर्षांत एकाच शिक्षकाला एकाच तासाला दोन वर्गांवर पाठवण्याचा प्रसंग फक्त एकदा आला होता, तोही मुख्याध्यापकांच्या चुकीनं. सरांनी मोठा कार्डशीट आणला, पट्टीनं रकाने आखले. पहिला तास थायरॉईड, दुसरा मोकळा, तिसरा जळजळ, मग मोठी सुट्टी. मोबाईलमध्ये शाळेची घंटा भरून घेतली. घंटा झाली की सर असतील तिथे गोळी घेत. एका दशक्रियेला प्रवचन रंगात आलेलं असताना ती वाजली आणि निम्मी मंडळी कार्यक्रम संपला असं समजून उठली, पण सरांची साखर मात्र त्या महिन्यात चांगली आली. एकंदरीत सहा वर्षं या वेळापत्रकावर घर सुखानं चाललं होतं. सरांच्या तोंडी 'माझं काय वाईट आहे?' हे वाक्य असे आणि ते मनापासून असे.

मग अक्षदाचं लग्न ठरलं आणि पत्रिका वाटायची वेळ आली.

या भागात आमंत्रण फोनवर होत नाही. फोनवर बोलावलेला पाहुणा फोनवरच येतो. घरी जायचं, बसायचं, पत्रिकेला कुंकवाचं बोट लावून ती हातात द्यायची. बसलं की पाणी येतं आणि पाण्यामागून चहा. 'नको' या शब्दाला इथे नकार समजत नाहीत, सभ्यपणा समजतात. तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा बशी हातात घ्यायची, ही रीत. चौथ्यांदाही नको म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो नाही तर रागावलेला. सर रोज सकाळी पांढराशुभ्र शर्ट घालून फिरायला जात असल्यामुळे ते आजारी आहेत यावर कुणाचा विश्वास बसत नसे. हाताने द्यायची घरं निघाली एकशेचाळीस. एका चहात दोन चमचे साखर धरली तरी पुढचं गणित सरांनी सोडवलं नाही.

आणि या एकशेचाळिसांत एक घर असं होतं, की ते नसतं तर सरांनी बाकीच्यांचं एवढं मनाला लावून घेतलं नसतं. आहुप्याची सरूबाई, सरांची थोरली बहीण. आईमागं सरांना तिनंच वाढवलं. त्यांच्या घरात नवरीला पहिली हळद मावळणीनं, म्हणजे बापाच्या बहिणीनं लावायची असते. सरूबाई तर दोन वर्षं घोडेगावचा उंबरा चढली नव्हती. कारण सरांचा डबा.

दोन वर्षांपूर्वी तिच्या नातवाचं जावळ होतं. अख्ख्या भावकीची पंगत बसलेली. सरूबाईनं पहाटेपासून खपून मासवड्या केल्या होत्या. बेसनाच्या उंड्यात तीळ, खोबरं, लसूण भरून वाफवलेल्या, आणि सोबत काळा रस्सा. आमच्याकडे पाहुण्याला मासवडी वाढली म्हणजे त्याच्यापुढे काळीज काढून ठेवलं असं समजतात. सरांच्या पानात तीन वड्या पडल्या. सरांनी पानाला नमस्कार केला, पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि त्यातला उकडलेला दुधी खायला सुरुवात केली. सरूबाई पुढच्या पानाला वाढत गेली. पंगत उठल्यावर तिनं ते पान उचललं, गाईपुढे ठेवलं, आणि निरोप मात्र नंतर दुसऱ्याच्या तोंडी पाठवला : "माझ्या हातचं त्याला चालंना, तर माझं त्याच्या घरात काय काम?"

तेव्हा सरांनी ठरवलं की या वेळी गैरसमजाला जागाच ठेवायची नाही. सगळं कागदावर आणायचं. ते एका सरकारी दवाखान्यात गेले आणि चहा पिण्यास असमर्थ असल्याचा दाखला मागितला.

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. "फिटचा दाखला आहे, अनफिटचा आहे. चहाचा नमुना आमच्याकडे नाही."

"मग अनफिटच द्या. पुढे कंसात 'चहासाठी' असं लिहा."

"कंसाला साहेबांची सही लागते. आणि किती टक्के?"

"काय किती टक्के?"

"असमर्थता. टक्केवारी टाकल्याशिवाय रजिस्टरला चढत नाही."

सरांनी थोडा विचार करून शंभर सांगितलं. शंभर टक्क्यांना बोर्डापुढे उभं राहावं लागतं आणि बोर्ड पुढच्या महिन्यात बसणार, असं कळल्यावर त्यांनी पंचाहत्तरवर यायची तयारी दाखवली. पण कारकून प्रामाणिक होता. तो म्हणाला, "सर, खरं सांगू का? दाखला दिला तरी आमच्या घरी आलात तर मी तुम्हाला चहा पाजणारच." सर अर्जाची पोच घेऊन परत आले.

गेणभाऊ तेव्हा ओट्यावरच बसले होते. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, आणि सरांच्या उलट, गेणभाऊंनी काहीही खाल्लं तरी त्यांचं पोट हू की चू करत नाही. त्यामुळे ते दुसऱ्यांच्या पोटाला सल्ले देतात.

"दाखला कशाला पायजे, राव? छापून टाका पत्रिकेत. पाटी लावली की मिटलं. आमच्या गाडीत न्हाई का, 'खिडकीबाहेर हात काढू नये'?"

"लोक काढत नव्हते का हात?"

"काढायचे की. पन आपली जबाबदारी मिटायची."

सरांना हे पटलं आणि ओळ छापली गेली.

पहिला फोन व्याह्यांचाच आला. भगवंतराव जुन्नरचे, मोजकं बोलणारे. "सर, पत्रिका पाहिली. विकार म्हणजे नेमका काय?" सर खुर्चीतून उठून उभे राहिले. आनुवंशिक नाही, संसर्गजन्य नाही, अक्षदा लहानपणापासून दगड पचवते, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग भगवंतरावांनी आवाज अगदी खाली आणून विचारलं, "ते नाही हो. डॉक्टर कोण तुमचे? मला बारा वर्षं झाली." सरांनी चारही डॉक्टरांचे नंबर दिले आणि वेळापत्रकाचा फोटो पाठवला. एवढ्या गोडीनं व्याही-व्याही त्याआधी कधी बोलले नव्हते.

एका शनिवारी सकाळी, पहिले तीन तास व्यवस्थित आटोपून, सर गेणभाऊंच्या मोटरसायकलवर मागे बसले. मांडीवर पत्रिकांची पिशवी, खांद्याला औषधांची, गळ्यात पाण्याची बाटली. डबा त्यांनी या वेळी मुद्दाम घरी ठेवला होता. बेत असा होता : आधी शिनोली, मग तळेघर, मग मागे फिरून आहुप्याचा रस्ता धरायचा. वाटेत कुठेच काही घ्यायचं नाही आणि सरूबाईपुढे रिकाम्या पोटी बसून ती वाढेल ते, निदान चमचाभर तरी, खायचं.

शिनोलीत पहिलं घर हनुमंत सरांचं. दोघं एकाच शाळेत एकाच वर्षी लागलेले, हे भूगोलाला आणि ते विज्ञानाला. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली दोघांचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो. हनुमंत सरांनी चष्मा लावून पत्रिका शेवटपासून वाचली आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"छापलंयस म्हणून चहा नाही ठेवला," ते म्हणाले. "पण पाण्यावर सुटशील असं समजू नकोस."

आतून फुलाबाई, हनुमंत सरांच्या पत्नी, स्टीलचा ग्लास घेऊन आल्या. "चहा न्हाई, भाऊ. हिरडा हाय. तुपावर परतून केलेलं चूर्ण, कोमट पान्यात. माज्या म्हायेरचा हिरडा हाय, पोट कसं आरशावानी व्हईल."

इथे सांगायला हवं की पश्चिमेकडच्या या डोंगरात हिरडा हे नुसतं औषध नाही, पीक आहे. चैत्रात घरोघर अंगणात बाळहिरडा वाळत पडलेला असतो आणि प्रत्येक घराला आपलाच सर्वांत गुणाचा वाटतो. सरांनी ओळीत चहा लिहिला होता, फराळ लिहिला होता, हिरडा लिहिला नव्हता. आणि या घरी 'नको' म्हणण्याचा अर्थ पोटाशी जोडला जात नाही, हे सरांना चांगलं माहीत होतं. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी तरुण हौशीरामनं या ओसरीवर पहिला चहा घेतला, तेव्हा सरांच्या भावकीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. सरांनी ग्लास एका दमात रिकामा केला.

"अरे, माझ्या घरी तू खुशाल नको म्हण," हनुमंत सर हळूच म्हणाले. "आपलं काय आता तसं राहिलंय का?"

"तसं नाही. चांगला होता," सर म्हणाले, आणि खरंच चांगला होता. त्यांना मनातून फार बरं वाटलं. पोटाला अजून कळलं नव्हतं.

पण शिनोलीला बातमी लपत नाही. दुसऱ्या घरी ते पोचायच्या आत तिथे चूर्ण कालवून तयार होतं. "फुलाबाईकडचा घेतलात म्हणं. मंग आमच्या हिरड्यानं काय घोडं मारलंय?" एका घरचा घेतला म्हणजे दुसऱ्या घरचा घ्यावाच लागतो, नाही तर चहा परवडला असं वैर होतं. तिसऱ्या घरी हिरड्यात ओवा होता. तळेघरला मावसबहीण रत्ना, तिच्याकडे गुळात मुरवलेला निघाला. सरांनी गुळाचा हिशेब साखरेच्या रकान्यात मनातल्या मनात टाकला, तोवर रत्नानं दुसरा हिरडा हातावर ठेवला.

"दादा, शिनोलीकरांचा चालतो आन् माजा एकच?"

गेणभाऊंना प्रत्येक घरी चहा मिळाला, बहुतेक ठिकाणी दोनदा. त्यांच्याबद्दल पत्रिकेत काही छापलेलं नव्हतं. तळेघर सुटताना ते बशीत सातवा चहा ओतून म्हणाले, "तुमची आयडिया लई भारी निघाली बगा, सर. एकानं तरी चहाचा आग्रह केला का?"

चार घरचे पाच हिरडे सरांच्या पोटात एकमेकांना भेटले ते आहुप्याच्या रस्त्यावर. आधी थोडी कुजबुज झाली. मग सरांना घाम सुटला. त्यांनी गेणभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "थांबवा."

"इथं?"

"इथंच."

गेणभाऊंनी गाडी थांबवली, डाव्या हाताच्या गर्द झाडीकडे पाहिलं आणि पुन्हा किक मारली. "इथं न्हाई, सर. ह्ये देवाचं रान हाय. इथला पालाबी कुनी उचलत न्हाई."

सरांनी तिसावर वर्षं मुलांना देवराईचं महत्त्व शिकवलं होतं. वृक्षतोड नाही, शिकार नाही, लोकांनी श्रद्धेनं राखलेलं जंगल, पाच गुणांचा प्रश्न. देवराई एवढी मोठी असते, हे मात्र त्यांना त्या दिवशी समजलं. रान संपेना. प्रत्येक वळणाला सर 'आता?' म्हणत आणि गेणभाऊ 'देवाचंच' म्हणत. रस्त्यावर खड्डे होते, त्यांचं वर्णन करण्यात अर्थ नाही. तेहतीस वर्षांत वर्गापुढे एकदाही आवाज न चढवलेला तो माणूस शेवटी मोठ्यानं ओरडला, "हद्द कुठाय?"

हद्द आली. पुढे उघडा माळ आणि करवंदीची एक जाळी. सर बाटली घेऊन जाळीमागे दिसेनासे झाले आणि गेणभाऊ पत्रिकांची पिशवी छातीशी धरून रस्त्यावर पहारा देत उभे राहिले. तेवढ्यात मागून प्रवाशांनी भरलेली जीप आली आणि थांबली. चालवणारा सरांचाच विद्यार्थी.

"गेणभाऊ, गाडी बंद पडली का?"

"गाडी चालूय. सर थांबल्यात."

जीपमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या. सहा-सात आवाजांत "सर, नमस्कार!" झालं. जाळीमागून एक हात वर झालेला दिसला. नेमकी तेव्हाच शाळेची घंटा वाजली. विद्यार्थ्यानं सवयीनं गिअर टाकला आणि जीप ही बातमी घेऊन सरांच्या पुढे आहुप्यात पोचली.

सर त्या जाळीमागे एकूण तीनदा गेले. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा त्यांचे पाय लटपटत होते. साखर खाली आल्याचं त्यांनी ओळखलं, पिशवीतली बिस्किटं खाल्ली, दोन घोट पाणी घेतलं आणि मैलाच्या दगडावर बसले. छाती धडधडायची थांबल्यावर त्यांच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली. पोटात काहीच नव्हतं. ना जळजळ, ना फुगारा. कित्येक वर्षांत त्यांना पहिल्यांदा खरीखुरी, लहानपणीसारखी भूक लागली होती.

सरूबाईच्या अंगणात हिरडा वाळत होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ती ओसरीवरच बसली होती, हातात पत्रिका. रत्नानं ती फोनवरून आधीच पाठवली होती आणि सुनेनं, हर्षालीनं, कागदावर छापून आणली होती. सरांनी वाकून नमस्कार केला. तिनं डोक्यावर हात ठेवला. आत जाऊन तांदळाच्या पेजेची वाटी आणली, किंचित मीठ घातलेली, आणि पुढ्यात ठेवली.

"पी. जीपवाल्यानं सांगितलं मला."

सर पेज प्यायले. ती पोटात अलगद उतरली. मग सरूबाईनं पत्रिकेच्या तळावर बोट ठेवलं.

"पाचशे लोकांस्नी छापून कळवलंस. मला दोन वर्सांत एकदा तोंडानं सांगाया काय झालं व्हतं?"

"काय सांगायचं आक्का? पोटाचं दुखणं काय सांगण्यासारखं असतं?"

"म्हंजे लाज वाटली."

"वाटली."

"आन् छापाया न्हाई वाटली?"

"छापताना तू समोर नव्हतीस."

सरूबाईनं पदर तोंडाला लावला. हसली की रडली हे सरांना कळलं नाही, बहुतेक दोन्ही. "मला वाटलं, हौशा घोडेगावचा सायेब झाला. आता बहिनीच्या हातचं नको झालं त्याला. गाईम्होरं पान ठेवलं ना, ती गाय बी माज्याकडं बगत व्हती." आपण एवढं मोठं वेळापत्रक केलं आणि त्यात आक्काला सांगण्याचा एक तास ठेवला नाही, याचं सरांना खरंच वाईट वाटलं.

जेवायची वेळ झाली. हर्षालीनं पानं मांडली आणि मासवडीचा वास सगळ्या घरात पसरला. गेणभाऊंच्या पानात चार वड्या पडल्या, नागलीची भाकरी, वर काळा रस्सा. गेणभाऊ रीतीप्रमाणे तीनदा नको म्हणाले आणि चौथ्यांदा ताट पुढे केलं. सरांच्या पुढे पेजेची दुसरी वाटी आली. सर वाट बघत बसले. गेणभाऊंना आणखी दोन वड्या झाल्या. रस्सा झाला. सरांकडे कुणी वळूनही बघेना.

"आक्का..."

"काय रं?"

"वड्या छान दिसतायत."

"हाय की. पन तुला आग्रह करायचा न्हाई. छापलंय. हर्षाली, वाच गं."

हर्षालीनं 'वधूपित्यास'पासून 'नम्र विनंती'पर्यंत खणखणीत वाचून दाखवलं. सर आपलंच शुद्धलेखन खाली मान घालून ऐकत होते. ज्या आग्रहापासून सुटण्यासाठी ते दवाखान्याच्या खिडकीत उभे राहिले, छापखान्यात उभे राहिले, तो या घरात आता त्यांच्या वाट्याला येणार नव्हता, आणि जगात दुसरं काही नको अशा भुकेनं ते एका वडीकडे पाहत होते.

"आक्का," ते अगदी हळू म्हणाले, "एकदा आग्रह कर की गं."

सरूबाईनं वड्यांचं ताट पुढे ओढलं. मग तिनं एक वडी उचलली, मधोमध मोडली आणि अर्धी सरांच्या तोंडाशी नेली. "घे, हौशा."

आणि सरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नको, नको."

"घे म्हनते ना."

"नको गं, पोट..."

"अर्धीच हाय."

"नको."

"माजी शपत हाय."

"दे." पण त्यांनी तोंड उघडलं तशी तिनं वडी मागे घेतली. "आधी गोळी. पयल्या घासाबरूबर लागती ना? हर्षालीला तुज्या मंगलनं फोनवर समदं सांगितलंय." सरांनी गोळी घेतली आणि वडी खाल्ली. तिखट होती, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटामुळे आलं असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

निघताना त्यांनी पत्रिकेला कुंकवाचं बोट लावलं. "पहिली हळद तुझ्या हातची, आक्का. यायचं."

"मला कुठं जमतंय? अंगनात हिरडा पडलाय." सरांनी मनात एक मोजलं. "ये की."

"गुडघं बी दुखत्यात आताशी." दोन. "ये आक्का, तुझ्यावाचून हळद लागायची नाही."

"शेरडं कोन बगंल?" तीन. सरांनी वाकून तिचे दोन्ही पाय धरले. "आक्का, तुझ्याशिवाय मांडव घालत नाही."

सरूबाईनं त्यांना उठवलं, पदरानं त्यांच्या शर्टावरचा रश्श्याचा डाग पुसायला गेली आणि तो आणखी पसरवला. "बरं," ती म्हणाली, "गाडी कवा पाठिवतोस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी जळजळ झाली, पण सरांनी तिची नोंद केली नाही. चहा नसलेला पहिला तास आटोपून ते लाल पेन घेऊन बसले. वाटायच्या राहिलेल्या पत्रिका समोर होत्या. प्रत्येकीच्या तळाशी, 'आग्रह करू नये'च्या पुढे, ते सुवाच्य अक्षरात दोन शब्द लिहीत होते.

मंगलताईंनी मागून वाकून वाचलं. "बहीण वगळून?"

"हो."

"अहो, या पत्रिका ज्यांना जाणार त्यांचा आणि आक्कांचा काय संबंध?"

"कळलं पाहिजे लोकांना," सर म्हणाले आणि पुढची पत्रिका ओढली.